पाचामागं तीन

कोंडशेतच्या भिवाजी मास्तरांनी शाळेत कधी शिकवलेलं नाही. कर्जत-खालापूर भागात कपडे शिवणाऱ्यालाही मास्तरच म्हणतात, एवढंच. पण माणसाला जन्मभर मास्तर म्हणून हाक मारली की त्याला शिकवायची खोड लागतेच. दहिवलीच्या नाक्यावर त्यांचं दुकान होतं. तिथं बायका ब्लाउज न्यायला येत आणि पानिपत ऐकून जात. ब्लाउज तयार नसला की त्या दिवशी पानिपत जरा लांबायचं.

हल्ली ऐकायला माणसं कमी झाली होती. रेडीमेडनं शिलाई खाल्ली आणि मास्तरांकडं उरले पळसदरीच्या फार्महाऊसवाल्यांचे पडदे. "आधी माणसांचं शिवायचो, आता खिडक्यांचं शिवतो," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. खिडकीला पानिपत सांगता येत नाही, हे त्यांचं खरं दुःख होतं.

त्यांचा जीव होता तो जत्रेच्या नाटकात. चैत्रात कोंडशेतच्या गावदेवीची जत्रा भरते आणि त्या संध्याकाळी गावातलीच माणसं नाटक करतात. मास्तर नाटक लिहीत, बसवत, पोशाख शिवत आणि प्रयोगाला विंगेत बसून प्रॉम्प्टिंगही करत. नाटक दरवर्षी नवं, म्हणजे नाव नवं. आत एक राजा, एक किल्ला आणि एक फितूर ठरलेला. फितुराचं काम कायम टेंपोवाल्या पदूकडं, कारण पदू मरायचा फार सुंदर. जत्रेला आलेल्या पाहुण्या बायका त्याच्या मरणाला डोळे पुसत. पण गावात त्याला फितूर हेच नाव पडलं. त्याच्या मुलीच्या लग्नाला आलेल्या वऱ्हाडानं वेशीवर "फितुरांचं घर कुठं?" असंच विचारलं होतं.

यंदा जत्रा कमिटीनं जाहीर केलं, की पुढच्या सालापासून नाटक बंद, ऑर्केस्ट्रा आणायचा. म्हणजे आता हे शेवटचं. तीस वर्षं गावाला आवडेल ते लिहिलं, आता एक तरी खरं नाटक लिहून मरायचं, असं मास्तरांनी बायकोला, सुरेखाबाईंना, जेवता जेवता सांगितलं.

"ल्हिवा की," सुरेखाबाई म्हणाल्या. "फक्त पदूला मारू नका. त्याची बायको बाजारात माझ्याशी बोलत नाय."

विषय मिळाला शिलाई मशीनवर. त्यांची मुलगी हर्षला कर्जतच्या कॉलेजात इतिहास घेऊन बी.ए. करत होती. तिचं अमेरिकेच्या इतिहासाचं पुस्तक दुकानात विसरलं. मास्तरांनी पडद्याला रिंगा लावता लावता ते उघडलं आणि पडदा तसाच राहिला.

"हर्षे," संध्याकाळी ते म्हणाले, "हे खरं हाय का गं? पाच गुलाम म्हंजे तीन माणसं?"

"खरंय बाबा. परीक्षेला येतं ते."

सतराशे सत्त्याऐंशी साली अमेरिकेतल्या राज्यांची मंडळी देशाची घटना लिहायला फिलाडेल्फिया शहरात बसली. ज्या राज्यात माणसं जास्त, त्याला संसदेत जागा जास्त, असं ठरत होतं. दक्षिणेकडच्या मळ्यांवर गुलामच गुलाम. मळेवाले म्हणाले, आमचे गुलाम मोजा. उत्तरेची मंडळी म्हणाली, तुम्ही त्यांना गुरांसारखं विकता, मत देऊ देत नाही, मग माणसं म्हणून मोजायची कशाला? म्हणजे गंमत अशी, की गुलामांना पूर्ण माणूस धरा म्हणून भांडत होते ते त्यांचे मालक! शेवटी तोड निघाली. पाच गुलामांमागं तीन माणसं धरायची. जागा मालकांना वाढून मिळाल्या आणि गुलामांच्या हाती धुपाटणंही आलं नाही. एवढं करून घटनेत 'गुलाम' हा शब्द लिहायची मात्र लाज वाटली, म्हणून लिहिलं 'इतर सर्व व्यक्ती'.

मास्तरांना हा हिशेब स्वतःच्या धंद्याचा अपमान वाटला. "कापड पाऊण मीटर असतं, सव्वा असतं," ते ताटावर मूठ आपटून म्हणाले. "पण आजवर माझ्या दुकानात माणूस कधी पाऊण आला नाय!"

मग त्यांनी सगळं पुस्तक वाचून काढलं. दक्षिणेत गुलामांनी कापूस वेचायचा, उत्तरेतल्या गिरण्यांनी तो विणायचा, तिकडच्या पेढ्यांनी त्यावर व्याज खायचं. शिवाय त्यातल्या काही गिरण्या खास गुलामांसाठी जाडंभरडं कापड विणत आणि ते परत मळ्यांवर धाडत. हा मजकूर मास्तरांनी सुरेखाबाईंना दोनदा वाचून दाखवला.

"म्हंजे बघ! ज्यानं वेचला त्याच्याच अंगावर मांजरपाट होऊन आला, आन् मधले सगळे गबर झाले!"

"मधी शिलाईवाला पण असंल ना?"

"असंलच की."

"तो झाला का गबर?"

मास्तरांनी पुस्तक मिटलं.

नाटक लिहून झालं. नाव 'पाचामागं तीन'. पहिल्या अंकात घटना लिहितात आणि मधला मार्ग काढला म्हणून एकमेकांची पाठ थोपटतात. दुसऱ्या अंकात त्याच मधल्या मार्गावरून पुढं दोन पिढ्या भांडणं होतात आणि शेवटी उत्तर-दक्षिण एकमेकांवर तोफा डागतात. पात्रं निवडायला त्रास पडला नाही. कोंडशेतात वरची आळी आणि खालची आळी अशा दोन आळ्या आहेत आणि त्या एकमेकींचं तोंड बघत नाहीत. वरची आळी उत्तर झाली, खालची दक्षिण. खालच्या आळीचा म्होरक्या जगदीशशेठ. फार्महाऊसवाल्यांना जमीन विकून झाली तरी त्याच्याकडं भाताची खाचरं उरलीच होती, आणि गळ्यात बोटाएवढी सोन्याची चेन. त्याला मळेवाल्याचं काम दिलं. चेन त्याची त्यालाच चालली.

वरच्या आळीचा पदू आधी सावधपणे म्हणाला, "मास्तर, यंदा मी चांगला हाय ना?"

"उत्तरेचा गिरणीवाला हायेस तू. गुलामगिरी वाईट म्हणतोस."

"हां, हे बरं झालं."

"पण कापूस त्यांचाच घेतोस."

"आं?"

"आन् पळून आलेला गुलाम मालकाला परत देतोस. घटनेत कलमच हाय तसं."

पदूचं तोंड उतरलं. "म्हंजे फितूरच की ओ मी!"

अडचण आली ती गुलामांची. गावातला एकही माणूस गुलाम व्हायला तयार होईना. पदूचं उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. एकदा ते नाव पडलं तर नातवंडांपर्यंत गुलामाचंच घर म्हणतील. तेव्हा कुणीतरी म्हणालं, ठाकूरवाडीतली माणसं आणा. डोंगराच्या पायथ्याला ती आदिवासींची वाडी. तिथली माणसं खालच्या आळीच्या शेतांवर भाताच्या रोपांसाठी राब भाजायला, लावणीला, कापणीला येत, जत्रेचा मांडव घालत आणि जत्रा उठली की पत्रावळीही उचलत. नाटकात तेवढी कधी नव्हती.

मास्तर वाडीत गेले. गोदाबाय तिथल्या बायकांत पुढं होऊन बोलणारी, आणि तिचा सासरा शुक्रा वाडीतला वडीलधारा. मास्तरांनी दोघांना सगळी अमेरिका सांगितली.

"काय बोलायचं नाय," ते शेवटी म्हणाले. "मालक बोलतील, तुमी नुसतं उभं ऱ्हायचं."

"ते आमाला येतंय," शुक्रा म्हणाला.

दहाजण यायला लागले. मास्तरांनी त्यांची मापं घेतली, मांजरपाटाचे सदरे शिवले आणि देवळाच्या मंडपात तालमी रंगल्या. तालमीला जगदीशशेठला आपली भाषणं आठवत नसत, पदूला तर आपण उत्तर की दक्षिण हेच आठवत नसे. मास्तर खालून ओळ सांगून घसा बसवून घेत. तरी ते सुखात होते.

आणि इथं घोडं अडलं. जत्रा कमिटीत अकरा जागा. दर काही वर्षांनी आळ्यांतली माणसं मोजायची आणि त्या प्रमाणात जागा वाटायच्या, अशी कोंडशेतची जुनी रीत. ज्या आळीच्या सहा जागा, तिच्या हद्दीत स्टेज. आजवर सहा वरच्या आळीच्या असायच्या. यंदा मोजणीचं साल आलं आणि जगदीशशेठ बैठकीत उभा राहिला.

"वाडी आमच्यात मोजा," तो म्हणाला. "वर्षभर आमच्याच खाचरांत असतात."

पदूनं हात झटकले. "वाडीतलं कोण कधी कमिटीत बसलंय का? मग मोजायचं कशापायी?"

"का? माणसं नायत का ती?"

"हायेत ना! मग बसव तुझ्या शेजारी!"

"बसवायचं कोण म्हणतंय रं? मी मोजायचं म्हणतोय!"

वाडी पूर्ण मोजली तर खालच्या आळीला सात जागा, मुळीच नाही मोजली तर वरच्या आळीच्या सहा तशाच. बैठक मोडली. वरची आळी उठून गेली ती नाटकातूनही गेली. "इतिहासात दक्षिण फुटून निघते, आमच्याकडं उत्तरच निघाली," मास्तर घरी येऊन म्हणाले, पण त्यांना हसू येईना. शेवटचं नाटक, आणि तेही असं मांडवात मरणार! दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनीच हातापाया पडून दोन्ही आळ्यांना देवळाच्या मंडपात बसवलं. पुन्हा तेच सुरू झालं. मोजा, नका मोजू. पदू चपला पायात घालायला लागला. तसे मास्तर दोघांच्या मधी जाऊन हात जोडून उभे राहिले.

"भांडू नका रं," ते म्हणाले. "मधला मार्ग काढू. वाडी पूर्ण नको, आन् टाकायला पण नको. पाचामागं तीन धरा."

जगदीशशेठनं बोटांवर हिशेब केला. त्याच्या सहा जागा होत होत्या. वरच्या आळीला एक जागा जात होती, पण त्या बदल्यात पालखीचा पहिला खांदा कायमचा द्यायचं ठरलं आणि पदूनं चपला काढल्या. कागदावर ठाकूरवाडीचं नाव लिहावं की नाही यावर थोडा खल झाला. उगाच उद्या कुणी कागद दाखवत यायला नको, म्हणून 'व इतर मंडळी' असं लिहिलं. दोन्ही आळ्यांनी मास्तरांची पाठ थोपटली. मास्तर छाती काढून घरी आले आणि दोन भाकऱ्या जास्त जेवले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते उगाच नाही. आपल्या नाटकाचं नाव काय, याचीसुद्धा त्या घडीला त्या बाबाला आठवण नव्हती.

ती झाली दुसऱ्या दिवशीच्या तालमीत. घटना लिहिण्याचा प्रवेश होता. वाडीची दहा माणसं मांजरपाट घालून भिंतीला टेकून उभी होती. मास्तर वही घेऊन खाली बसले आणि घसा खाकरून तयार झाले. पण त्या दिवशी जगदीशशेठ वाघासारखा सुटला. "आमची माणसं मोजा! माणसं नाहीत का ती?" पदूनं त्याच्या तोंडावर तोंड नेलं. "माणसं आहेत, तर बसवा तुमच्या शेजारी!" एक शब्द चुकेना, एकाची ओळ दुसऱ्याच्या ओळीवर ठिणगीसारखी पडत होती. मास्तर आनंदानं मांडीवर थापा मारायला लागले. एवढं जिवंत काम कोंडशेतात कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात भिंतीकडून खसखस ऐकू आली. शुक्रा तोंडावर पालथा हात धरून हसत होता, आणि त्याचं बघून बाकीचेही.

"काय झालं रं शुक्रा?" मास्तरांनी विचारलं.

"काय नाय मास्तर. हे कालच्यापेक्षा बरं करत्यात, म्हणून हसलो."

"काल? काल कुठं तालीम होती?"

"होती की! आमी मांडवाचे खांब रोवत होतो ना तिथंच. समदं ऐकलं. घरी जाऊन सुनेला म्हणलं, यंदा मास्तर पण काम करतोय नाटकात. हात जोडून मधी येतो आन् पाचामागं तीन म्हणतो. लय झ्याक केलंस तू!"

जगदीशशेठनं चेन सारखी केली. पदू आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागला. मास्तरांच्या हातातली वही मांडीवरून घसरून खाली पडली. भर मंडपात त्यांनी माणसं मोजली होती, आणि ज्यांना मोजलं ती हाताच्या अंतरावर खड्डे खणत होती. कुणाला दिसलीसुद्धा नव्हती.

गोदाबाय हसत नव्हती. तिनं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. "ती तालीम नव्हती?" तिनं विचारलं.

पदूनं मान आणखी खाली घातली. तिला ते पुरलं. तिनं मांजरपाटाचा सदरा लुगड्यावरून काढला, घडी केली आणि मास्तरांसमोर ठेवला. दहाच्या दहा सदऱ्यांची चळत झाली, आणि वाडी निघून गेली.

मास्तरांना आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. पानिपतावर रोज बोलणाऱ्याला स्वतःच्या अंगणातलं दिसू नये! दुसऱ्या सकाळी दुकान न उघडताच ते वाडीत गेले. गोदाबाय अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. तिनं बसायला सांगितलं, पाणी दिलं. मास्तरांनी येताना मोठं भाषण ठरवलं होतं, त्यातलं एवढंच बाहेर आलं, "गोदाबाय, माझं चुकलं गं."

"चुकलंच," ती म्हणाली. "मोजायचं असंल तर बसवा. बसवायचं नसंल तर मोजू नका. आमचं तुमच्या कमिटीवाचून काय अडलंय?"

"मी बोलतो बैठकीत. घेतो माघारी. पण मग वरची नायतर खालची, कुठली तरी आळी उठून जाणार. नाटक काय होत नाय मग."

"तुमचं शेवटचं हाय ना ते?"

"शेवटचं."

"मग नका बोलू," गोदाबाय म्हणाली. तिनं ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. तिला खरंच मास्तरांचं वाईट वाटत होतं, आणि तेच मास्तरांना सोसेना.

त्याच संध्याकाळी ते बैठकीत उभे राहिले. "पाचामागं तीन हे मी बोललो होतो, ते मी माघारी घेतो," ते म्हणाले. "वाडीला मोजायचं तर कमिटीत त्यांचं माणूस बसंल. नायतर माझं नाटक नाय."

"नको तर नको," जगदीशशेठ म्हणाला. "ऑर्केस्ट्रा यंदाच आणू. ठरलेलं मोडायचं नाय."

मास्तरांनी वही काखेत मारली. तीस वर्षांचा कारभार असा एका वाक्यात संपला होता. ते पायऱ्या उतरणार, इतक्यात मागून पदूचा आवाज आला.

"थांबा मास्तर. वाडीला एक जागा द्यायची तर ती कुणाच्या वाटणीतनं?"

"ज्यांनी वाडी आपल्यात मोजून घेतली त्यांच्या," मास्तर म्हणाले.

पदूनं क्षणभर विचार केला. खालच्या आळीच्या सहाच्या पाच होत होत्या! मग त्याच्या अंगात न्यायदेवता संचारली. "अन्याय हाय हा!" तो छाती ठोकून ओरडला. "आदिवासी माणूस काय माणूस नाय? आमच्या आळीचा वाडीला पाठिंबा!" वरच्या आळीच्या पाचहीजणांनी हात वर केले. माणुसकीचा असा पूर त्या आळीला पूर्वी कधी आल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

जगदीशशेठ चिडायच्या ऐवजी गालात हसला. वाडीचं माणूस म्हणजे आपल्याच खाचरातलं, ते दुसरीकडं हात कशाला वर करेल? "माझं कुठं नाय म्हणणं?" तो म्हणाला. "गोदाला बसवा." तर अशा रीतीनं दोन्ही आळ्यांनी दोन चुकीच्या कारणांसाठी एक बरोबर गोष्ट केली. मास्तर पायरीवर मटकन बसले. त्यांना हसावं का रडावं कळेना.

आता पाच, पाच आणि एक; सहा कुणाकडंच नाहीत, म्हणजे स्टेज कुठं ते गोदाबायच्या मतावर. पुढच्या बैठकीपर्यंत गोदाबायच्या घरी जिलेबीचे दोन पुडे पोचले होते, एक वरून, एक खालून. पोरांनी दोन्ही खाल्ले. बैठकीत तिला खुर्ची दिली. खुर्चीत बसायला ती आधी तयार होईना. बसली ती अगदी टोकावर.

"बोल गोदा," जगदीशशेठ गोड आवाजात म्हणाला, "स्टेज आमच्यात का त्यांच्यात?"

"वाडीच्या माळावर," गोदाबाय म्हणाली.

"काय?"

"जागा सपाट हाय. आमच्या म्हाताऱ्या माणसांना आजवर तुमचं नाटक बघाया मिळालं नाय. मांडव आमीच घालतो, तो तिथं घालू."

जगदीशशेठ ताडकन उभा राहिला. "गाव वाडीत जाऊन नाटक बघंल? इज्जत हाय का नाय?" तो इतका लाल झाला की पदूला राहवेना. शत्रूचं एवढं वाईट होत असताना हात खाली ठेवणं पदूच्या आळीच्या रक्तात नाही. वरच्या आळीचे पाच हात एकदम वर गेले, गोदाबायचा सहावा. झालं! कोंडशेतची जत्रा भरल्यापासून पहिल्यांदा नाटक डोंगराच्या पायथ्याला गेलं.

जत्रेच्या संध्याकाळी गाव आपापल्या प्लास्टिकच्या खुर्च्या डोक्यावर घेऊन माळावर चढलं. धापा टाकत, शिव्या देत, पण चढलं. न जाऊन चालणार नव्हतं, कारण दुसरी आळी गेली होती. सुरेखाबाई पदूच्या बायकोशेजारी बसल्या आणि दोघी पदू या नाटकात मरत नाही याची एकमेकींकडून खात्री करून घेत होत्या. वाडीची म्हातारी माणसं पुढं गोधड्यांवर होती. त्यांच्या मधोमध, छातीला कमिटीचा बिल्ला लावून, गोदाबाय खुर्चीत बसली होती. वाडीनं मांजरपाटाचे सदरे परत घातले होते; गुलामांत गोदाबायच्या जागी तिची जाऊ उभी होती.

नाटक छान चाललं. फक्त सगळं उलटं झालं. मळेवाला आपल्या दयाळूपणाचं वर्णन करतो तिथं लोकांच्या डोळ्यांत पाणी यावं असं मास्तरांनी लिहिलं होतं; वाडी खो खो हसली. जिथं हशा यायला हवा तिथं गाव चिडीचूप. मास्तर विंगेत बसून वहीत खुणा करत होते आणि आपण नेमकं काय लिहिलंय हे त्यांना पहिल्यांदा कळत होतं.

मग तो प्रवेश आला. जगदीशशेठ रुबाबात पुढं झाला. "आम्हा दक्षिणेच्या राज्यांचा प्रस्ताव असा, की..." आणि थांबला.

समोर गोदाबाय होती. गोधड्यांवर वाडी होती. डाव्या हाताला शुक्रा आणि नऊजण मांजरपाट घालून उभे होते, इतके जवळ की त्यांचा श्वास ऐकू यावा. तालमीत धडाधडा बोललेलं वाक्य जगदीशशेठच्या घशातून बाहेर येईना.

"पाचामागं तीन," मास्तर विंगेतून कुजबुजले.

जगदीशशेठ उभाच.

"पाचामागं तीन!" मास्तर मोठ्यानं म्हणाले. ते माईकनं पकडलं आणि माळभर ऐकू गेलं.

जगदीशशेठ विंगेकडं वळला. चिकटवलेली मिशी एका बाजूनं सुटली होती. "मास्तर, मी नाय म्हणणार," तो म्हणाला. "उद्या मला ह्यांना राबाला हाका मारायच्यात. आन् ती ओळ तुमची हाय. तुमीच बोला."

माईकनं हेही पकडलं.

मास्तर उठले. गळ्यात टेप, नाकावर चष्मा, अंगात घामेजली बंडी. तीस वर्षांत पहिल्यांदा ते उजेडात आले. त्यांना पळून जावंसं वाटत होतं, पण पाय पुढंच गेले. गुलामांच्या रांगेसमोर ते उभे राहिले.

"पाचामागं तीन माणसं धरा," ते म्हणाले. "हे मी म्हणालो होतो."

मागं खुर्च्यांवर टाळ्या पडल्या. पाहुण्यांना ते नाटकातलंच वाटलं, आणि प्रमुख पाहुणे तर उभे राहून टाळ्या वाजवत होते. गोधड्यांवरून एकही टाळी आली नाही. मास्तरांनी आयुष्यभर ज्या टाळ्यांची वाट बघितली त्या आल्या होत्या, आणि त्यांना त्या नको होत्या. ते मान खाली घालून विंगेत परतले आणि वही उचलली.

पुढची ओळ पदूची होती. 'उत्तरेला हे मान्य आहे.' पदू स्टेजच्या मधोमध उभा होता आणि ओळीसाठी विंगेकडं बघत होता. या वेळी मास्तरांनी वही मिटून मांडीवर ठेवली. समोर गोदाबाय खुर्चीत पुढं सरकून पदूच्या उत्तराची वाट बघत होती.